पडलेले घड्याळ पुन्हा चालेल काय?

कल्याणहून एका वाचक भगिनीचे दोन पानी पत्र आम्हांस आले आहे. त्यातला मजकूर थोडक्यात असा. त्यांचे सासरे रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला होते. ते वारले आणि त्यांच्यामागे घरात त्यांचे एक चावीचे एचएमटी घड्याळ राहिले. त्या घरात आलेले ते पहिले मनगटी घड्याळ. अकरा वर्षांच्या नातवाने ते कपाटातून काढून पाहिले, हातातून सुटले आणि शहाबादी फरशीवर पडले. पोराने भीतीपोटी ते तांदळाच्या डब्यात लपवले. आठ दिवसांनी तांदूळ काढताना आईच्या हाताला लागले. बापाने पोराला बडवले. ताई विचारतात, "घड्याळ थोडे चालते आणि थांबते. नाक्यावरच्या घड्याळवाल्याने सांगितले की मशीन गेले, आतले सगळे काढून सेलचे मशीन टाकू. आमच्या मामांची आठवण आहे. खरेच गेले काय?"

ताई, सप्रेम जयभीम. बहुधा गेलेले नाही. निदान कुणी उघडून, भिंगातून पाहिल्याशिवाय ते गेले असे म्हणता येत नाही. एका भगिनीसाठी लिहायचे तर पोस्टकार्ड पुरले असते. पण अशी घड्याळे आपल्या पुष्कळ घरांत ट्रंकेत, फडताळात पडून आहेत आणि ती हातातून सुटतातही. म्हणून या वेळचे सदर त्यावरच.

आधी हे समजून घेऊ की घड्याळ पडते तेव्हा आत होते काय.

चावीच्या घड्याळाचा प्राण म्हणजे आतले एक छोटे चाक. त्याला घड्याळजी लोक बॅलन्स म्हणतात. ते एकदा इकडे, एकदा तिकडे असे झुलत असते. जुन्या घड्याळांत ते साधारणपणे सेकंदाला पाच टोले देते, म्हणजे तासाला १८,००० आणि दिवसाला ४,३२,०००. टिकटिक ऐकू येते ती याचीच. त्या चाकाला झुलवत ठेवणारी केसासारखी बारीक गुंडाळलेली तार म्हणजे हेअरस्प्रिंग. आणि हे चाक ज्या पोलादी दांड्यावर उभे असते, त्या दांड्याची दोन्ही टोके साधारण एक दशांश मिलिमीटर जाडीची, म्हणजे जवळजवळ डोक्याच्या केसाएवढी असतात. ही टोके माणकाच्या बारीक भोकात फिरतात. घड्याळावर '१७ ज्वेल्स' असे लिहिलेले असते ते हेच माणिक. कारखान्यात तयार केलेले असते, खाणीतले नव्हे. तेव्हा ज्वेल्स आहेत म्हणून घड्याळ सोन्याच्या भावाने विकले जाईल, ही आशा कुणी धरू नये.

आता हिशेब पाहा. एक मीटर उंचीवरून, म्हणजे उभ्या माणसाच्या कमरेपासून, घड्याळ सुटले तर जमिनीवर पोचायला अर्धा सेकंदसुद्धा लागत नाही. पोचते तेव्हा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. हा सायकलचा वेग. त्यात भयंकर असे काही नाही. भयंकर आहे ते थांबणे. फरशी दबत नाही, घड्याळाची डबीही फारशी दबत नाही. समजा अर्ध्या मिलिमीटरच्या आत ते थांबले, तर एक मीटरमध्ये मिळवलेला वेग अर्ध्या मिलिमीटरमध्ये संपवावा लागतो. एक मीटर म्हणजे अर्ध्या मिलिमीटरच्या दोन हजार पट. तेवढ्या क्षणापुरते आतले चाक स्वतःच्या वजनाच्या दोन हजार पट जड झाल्यासारखे त्या केसाएवढ्या टोकांवर बसते. एरवी ते चाक फुंकर मारली तर उडेल इतके हलके असते. त्या क्षणी मात्र टोकांना ते पेलत नाही.

तेच घड्याळ गोधडीवर पडले तर? गोधडी आणि खालची गादी पाच सेंटिमीटर दबली असे धरले, तर दोन हजारांच्या जागी फक्त वीस पट उरते. उंची तीच, वेग तोच, घड्याळही तेच. म्हणून "माझे दोन वेळा पडले, काही झाले नाही" आणि "माझे एकदाच पडले आणि गेले" या दोन्ही गोष्टी खऱ्या असू शकतात. शेणाने सारवलेल्या जमिनीवर पडलेले आणि स्टेशनच्या फलाटावर पडलेले घड्याळ यांची तुलनाच होत नाही. आजकाल चाळीतल्या खोलीतही गुळगुळीत टाइल्स आल्या आहेत. दिसायला छान, पण घड्याळाला त्या शहाबादीइतक्याच निष्ठुर.

दांड्याची टोके कडक केलेल्या पोलादाची असतात. जोराचा मार बसला की ती वाकतात, किंवा खडूसारखी तुटतात. जुन्या काळी घड्याळ पडणे म्हणजे दांडा तुटणे, असे समीकरणच होते.

यावर पहिला मोठा इलाज केला तो अब्राहम लुई ब्रेगे या कारागिराने. जन्माने स्विस, पण दुकान पॅरिसमध्ये. १७९० च्या सुमारास त्याने अशी युक्ती काढली की टोकाखालचे माणिक पक्के न बसवता एका बारीक पट्टीच्या स्प्रिंगवर बसवायचे. मार बसला की माणिक टोकाबरोबर थोडे हलते आणि परत जागेवर येते. त्याने एका बड्या माणसाच्या घरच्या मेजवानीत सर्वांसमोर आपले घड्याळ जमिनीवर टाकून दाखवले, अशी गोष्ट सांगतात. गोष्ट जुनी आहे, पण युक्ती मात्र खरी.

सामान्य माणसाच्या घड्याळात ही युक्ती यायला मात्र पुढे जवळजवळ दीडशे वर्षे गेली. १९३० च्या दशकात स्वित्झर्लंडमध्ये 'इन्काब्लॉक' नावाची रचना निघाली आणि हळूहळू बहुतेक चांगल्या घड्याळांत तशा रचना बसू लागल्या. जपानच्या सिटिझन कंपनीने १९५६ साली 'पॅराशॉक' नावाची आपली रचना काढली आणि ती लोकांना पटावी म्हणून घड्याळे चक्क हेलिकॉप्टरमधून खाली टाकून दाखवली. जाहिरात असावी तर अशी! पुढे आपल्या सरकारी एचएमटीने याच सिटिझन कंपनीच्या सहकार्याने बंगलोरला घड्याळांचा कारखाना काढला. १९६१ साली पहिली घड्याळे पंतप्रधान नेहरूंच्या हस्ते बाहेर पडली. म्हणून आपल्या वडिलांच्या-आजोबांच्या 'जनता' किंवा 'पायलट' घड्याळाच्या तबकडीवर खाली बारीक अक्षरांत इंग्रजीत 'पॅराशॉक' लिहिलेले सापडते. ताईंनी सासऱ्यांच्या घड्याळावर ते अक्षर जरूर शोधावे. सापडले तर अर्धी काळजी तिथेच मिटली.

ही रचना काम कशी करते? आपल्या आयाबहिणी डोक्यावर हंडा किंवा विटांची पाटी घेतात तेव्हा खाली चुंबळ ठेवतात. चुंबळ वजन कमी करत नाही, पण धक्का डोक्याच्या हाडाला लागू देत नाही. इथेही तसेच. माणिक एका उतरत्या खोलगट वाटीत मोकळे बसवलेले असते आणि वरून एक नाजूक स्प्रिंग त्याला दाबून धरते. मार बसला की माणिक टोकासह बाजूला सरकते. एवढ्यात दांड्याचा जाड भाग भोवतालच्या धातूला टेकतो आणि सगळा मार तो जाड भाग घेतो. केसाएवढे टोक वाचते. मग स्प्रिंग माणकाला पुन्हा मधोमध आणून बसवते. हे सगळे डोळ्याचे पाते लवायच्या आत होते.

'शॉकप्रूफ' हा शब्द दुकानदार ज्या थाटात उच्चारतात तेवढा मात्र तो अमर नाही. त्याला एक माप आहे. आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे शॉक सोसणाऱ्या घड्याळाने एक मीटरवरून कठीण लाकडी पृष्ठभागावर पडल्याएवढा मार खाऊन चालत राहिले पाहिजे आणि त्याच्या चालीत दिवसाला एका मिनिटाहून जास्त फरक पडता कामा नये. कसोटीत हा मार हातोड्याने देतात, एकदा नऊच्या आकड्याच्या बाजूने आणि एकदा काचेवर. ध्यानात घ्या, एक मीटर आणि लाकूड. जिन्यावरून गडगडणे, मोटारसायकलवरून रस्त्यावर पडणे, लोकलच्या दारातून खडीत जाणे यांची हमी त्यात कुणी दिलेली नाही. आणि शॉकची रचना वाचवते ती फक्त बॅलन्सच्या टोकांना. काच, काटे, चावीचा दांडा यांना तिचा काही उपयोग नाही.

मग दांडा शाबूत असूनही घड्याळ थांबते कशाने? बहुतेक वेळा कारण फारच किरकोळ निघते. काटा सैल होऊन दुसऱ्या काट्याला किंवा तबकडीला घासतो. काचेचा कण काट्यात अडकतो. एखादा स्क्रू सुटून चक्रांत जातो. हेअरस्प्रिंगचा एक वेढा दुसऱ्यावर चढतो. हा शेवटचा बिघाड घरच्या घरी ओळखता येतो, कारण तसे झाले की घड्याळ एकाएकी जोरात पुढे पळू लागते, तासाला कित्येक मिनिटे. लोकांना वाटते, मशीन बिघडले. खरे तर तार चिकटून तोकडी झाली, म्हणून चाक लवकर लवकर झुलू लागले. चांगला कारागीर चिमट्याने ती मोकळी करतो. लोहचुंबकाजवळ ठेवल्यानेही असेच होते, म्हणून टीव्हीच्या स्पीकरवर घड्याळ ठेवण्याची सवय वाईट.

टोक वाकले असेल तर लक्षण निराळे. घड्याळ टेबलावर उताणे ठेवले की चालते, उभे धरले की मंदावते किंवा थांबते. किंवा याच्या उलट. ताईंचे "थोडे चालते आणि थांबते" हे या जातीचे असू शकेल, किंवा नुसते काट्याचे घासणेही असेल. घड्याळ चालते आहे पण शंका आहे, असे असेल तर एक दिवस उताणे, एक दिवस पालथे, एक दिवस चावी वर करून उभे ठेवावे आणि रोज त्याच वेळी मोबाईलवरच्या वेळेशी फरक वहीत टिपावा. ही वही कारागिराला दाखवली की त्याचे अर्धे काम होते. थांबत असलेल्या घड्याळावर मात्र हा प्रयोग करू नये.

पडलेले घड्याळ हातात आल्याबरोबर आपण सारे काय करतो? कानाशी धरतो, हलवतो, तळहातावर आपटतो, चावी देऊन पाहतो. यातले कानाशी धरणे तेवढे बरोबर. आत काच फुटली असेल तर प्रत्येक हलवण्याने ते कण तबकडीवर ओरखडे पाडत खाली चक्रांत उतरतात. स्क्रू सुटला असेल तर चावीच्या जोराने चक्राचे दात मोडतात. म्हणजे पडण्याने झाले नसेल तेवढे नुकसान आपल्या तपासणीने होते. काच फुटली असेल तर घड्याळ पालथे धरून स्वच्छ फडक्यात गुंडाळावे आणि तसेच न्यावे. जुन्या चावीच्या घड्याळांची काच पुष्कळदा प्लास्टिकच्या जातीची असते. ती तडकते, पण चुरा होत नाही, हे त्यातल्या त्यात बरे. चावीची बोंडी वाकली असेल तर पावसाळ्यात आत ओल शिरते. मग गंज पडण्याचे जे नुकसान होते, ते पडण्यापेक्षाही वाईट. तेव्हा "चालतेय ना, बघू दिवाळीनंतर" असे म्हणू नये.

आता त्या पोराविषयी.

आठ दिवस घड्याळ तांदळात होते. तांदळाची भुकटी फटीतून आत गेली असणार, तेल धरलेल्या जागी चिकटली असणार. पहिल्याच दिवशी कळले असते तर हे वाचले असते. पोराने सांगितले नाही, कारण सांगितल्यावर काय होईल ते त्याला ठाऊक होते आणि तसेच झाले. ज्या घरात वस्तू पडली की आधी हात उगारला जातो, त्या घरात वस्तू पडल्याचे कुणी सांगत नाही. दुधाचे भांडे असो की घड्याळ. आम्ही बापालाही समजू शकतो. ज्या वडिलांनी पाळ्या करून, हप्ता भरून ते घड्याळ घेतले, त्यांची हातात धरता येईल अशी एवढीच वस्तू उरली होती. राग आला असेल. पण मारल्याने बॅलन्सचा दांडा सरळ होत नाही, आणि कारागिराला लागणारी माहिती मात्र त्या मुलाजवळच आहे. किती उंचीवरून पडले? फरशीवर काचेच्या बाजूने पडले की कडेवर? पडल्यावर आवाज चालू होता काय? त्याने मागाहून चावी दिली होती काय? त्या प्रसंगाचा दुसरा साक्षीदार नाही. बापाने मुलाला जवळ बसवून हे विचारावे, आणि घड्याळजीकडे जाताना त्यालाही बरोबर न्यावे. भिंगातून ते झुलणारे चाक त्याला एकदा पाहू द्यावे. आजोबांचे घड्याळ त्याने उगाच काढले नव्हते. आत काय टिकटिकते ते त्याला पाहायचे होते.

ताईंच्या शेजारणी म्हणतात की कर्त्या माणसाचे घड्याळ पडून बंद पडणे अशुभ असते. ताई, घड्याळ बंद पडते ते दांडा वाकल्याने, स्क्रू सुटल्याने. शेजारणींना आमचे एवढेच सांगणे की त्यांनीही एकदा भिंगातून पाहावे.

घड्याळजीकडे गेल्यावर भीड धरू नये. घड्याळ आपल्यासमोर उघडायला सांगावे आणि विचारावे, "बॅलन्सचा दांडा तुटला आहे काय? मला भिंगातून दाखवा." प्रामाणिक कारागीर आनंदाने दाखवतो. जो दाखवत नाही आणि उघडण्याआधीच "मशीन गेले" म्हणतो, त्याच्याकडून घड्याळ परत घेऊन दुसरा गाठावा. सेलचे मशीन टाकणे त्याला सोपे असते. दहा मिनिटांचे काम. सेलच्या मशीनमध्ये झुलणारे चाक नसते, त्यामुळे ते धक्का बरा सोसते हेही खरे. पण मग ते घड्याळ सासऱ्यांचे राहत नाही, नुसती डबी त्यांची राहते. दुरुस्तीपूर्वी खर्च विचारावा, पावतीवर लिहून घ्यावा आणि काढलेला जुना भाग परत मागावा.

सुट्या भागांची अडचण मात्र खरी आहे. केंद्र सरकारने २०१६ च्या जानेवारीत एचएमटीची घड्याळांची कंपनी बंद करण्याचा निर्णय घेतला. आज भाग मिळतात ते जुन्या दुकानदारांच्या शिल्लक साठ्यातून, नाहीतर दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढून. म्हणून नात्यागोत्यात कुणाचे त्याच जातीचे बंद घड्याळ भंगारात जात असेल तर ते मागून ठेवावे. एका घड्याळाचा दांडा दुसऱ्याला जीव देतो. बाजारात चकचकीत रंगाच्या तबकड्यांची "नवी कोरी जुनी" घड्याळे मिळतात. त्यांतली पुष्कळशी पुन्हा रंगवलेल्या तबकड्या आणि पाच ठिकाणचे भाग जोडून केलेली असतात. त्यांच्या आतल्या शॉकच्या स्प्रिंगचा भरवसा आम्ही देत नाही.

घड्याळ दुरुस्त होऊन आले की ते पुन्हा पडू नये एवढे पाहायचे. आमच्या पाहण्यात घड्याळे पडतात ती बहुतेक हातात बांधताना किंवा काढताना, आणि तेही उभ्याने, मोरीच्या नाहीतर दाराच्या जवळ, गाडी गाठायच्या घाईत. घड्याळ बांधायचे ते बिछान्यावर किंवा चटईवर खाली बसून. वर सांगितलेला वीस आणि दोन हजारांचा हिशेब इथे कामाला येतो. दुसरे कारण पट्ट्याची पिन. डबीच्या शिंगांत बसणारी ही स्प्रिंगची बारीक पिन घामाने गंजते आणि एके दिवशी लोकलच्या गर्दीत निसटते. वर्षातून एकदा ती बदलावी, किंमत चहाच्या कपाएवढी. शक्य असेल तर दोन्ही पिनांखालून जाणारा एकसंध कापडी पट्टा लावावा, म्हणजे एक पिन सुटली तरी घड्याळ दुसरीवर लोंबकळत राहते. आणि पिन बदलताना दोन्ही बाजूंच्या बदलून घ्याव्यात, कारण एक गंजली असेल तर दुसरीही त्याच वयाची असते.